बिनपट्टीची झडप

सियूच्या त्या अरुंद गल्लीत समोरून एक दार चालत आलं.

शुफा थांबली. तिच्या हातात गाढवाची दोरी, गाढवाच्या पाठीवर गोणपाटात गुंडाळलेली दाराची झडप. आणि समोरून येणारीही दाराचीच झडप! तिच्याखाली दोन पाय, घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. बाकी माणूस दिसतच नव्हता.

“ओ दारवाले, मागे सरा!” शुफा ओरडली.

“कोण बोलतंय? मला नुसते गाढवाचे कान दिसतायत.”

“कानच बोलतायत. सरा मागे!”

झडप हळूच भिंतीला टेकली आणि तिच्यामागून एक घामेजलेला, हसरा चेहरा बाहेर आला. शुफाने त्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही... म्हणजे, पाहिलं, पण नंतर. आधी तिची नजर गेली ती झडपेकडे. खालच्या अंगाला कमळांची ओळ. जुनं, तेल पिऊन काळं झालेलं लाकूड. आणि एका कडेला वरपासून खालपर्यंत ती जाड कोरीव पट्टी, दोन झडपांमधली फट झाकणारी.

तिने गाढवावरचं गोणपाट झर्रकन ओढलं. तिच्याही झडपेवर तीच कमळं. फक्त पट्टी नव्हती.

“कोम्बोदादांनी विकली तुला?” तिने विचारलं.

“काल संध्याकाळी. आणि तुला त्यांच्या बहिणीने?”

“रेहेमाताईंनी. आज सकाळी.”

दोघांनाही हसू फुटलं. कोम्बो आणि रेहेमा या बहीणभावाचं भांडण केनियाच्या किनाऱ्यावरच्या अख्ख्या पाटे बेटाला पाठ होतं. बापाचं घर पाडायला निघालं तेव्हा त्यांनी दारसुद्धा वाटून घेतलं, एक झडप याला, एक तिला. चौकट मात्र दोघांची. ती अजून भिंतीतच होती, आणि निदान तिच्याबाबतीत तरी दोघांचं एकमत होतं. जो दोन्ही झडपा घेऊन येईल, त्यालाच चौकट.

“मग दे तुझी झडप,” शुफा म्हणाली.

“वा! नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, एकदम झडपच? मी त्वालिब, इथलाच, सियूचा. माझा मचवा आहे. पडक्या घरातलं सामान शोधतो, वाहून नेतो, विकतो. ही मालिंदीला चाललीय. तिथला एक हॉटेलवाला वर काच टाकून हिचं जेवणाचं टेबल करणार आहे.”

“टेबल?” शुफाचा आवाज चढला. “या कमळांवर लोक मासे खाणार?”

“पाहुण्यांना आवडतं म्हणे.”

“मी शुफा. पलीकडच्या लामू बेटावर माझं सुतारकामाचं दुकान आहे. आणि हे दार मी पुरं करणार. लिहून ठेव.”

शुफाने एकदा ठरवलं की ठरवलं. आणि यावेळी ठरवण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. वडील गेल्यापासून दुकान स्वालेह काकांच्या नावावर होतं. ते कुणा टीशर्टवाल्याला भाड्याने द्यायचं काकांच्या मनात होतं. मुलीच्या जातीने रंधा मारायचा म्हणजे त्यांना पोरखेळ वाटायचा. शेवटी एवढंच म्हणाले होते, “मौलिदीच्या आत तुझ्या हाताने बसवलेलं एक अख्खं दार लामूतल्या भिंतीत उभं राहिलं पाहिजे. राहिलं तर दुकान तुझं. नाहीतर माझं मी बघतो.” आता मौलिदीच्या जत्रेला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मोत्सवाला, फार दिवस उरले नव्हते.

आणि गंमत अशी की त्या दिवशी लामूकडे जाणारा एकच मचवा होता. त्वालिबचा.

खाडीत भरती चढली होती. दोन्ही झडपा मचव्यात शेजारी शेजारी आडव्या होत्या, मध्ये नारळाची पोती. वारा शुफाचा बुईबुई, तो काळा पायघोळ बुरखा, सारखा उडवत होता, आणि ती तो सारखा आवरत होती. त्वालिब सुकाणूवर बसून तिची ती धडपड पाहत होता.

“समोर बघ, खडकावर नेशील,” ती म्हणाली.

“खडक मला ओळखतात.” तो हसला. “एक सांगू? माझी झडप तुझ्या झडपेपेक्षा देखणी. पट्टी माझ्याकडे. रुबाब माझा.”

“असेल. पण दार उघडताना आधी माझी हलते. पट्टीने ती अडत नाही. तुझी मात्र माझी उघडेपर्यंत जागची हलत नाही. रुबाब घेऊन बस तिथेच!”

लामूचा धक्का येईपर्यंत त्वालिब उगाचच शिडाच्या दोऱ्या तपासत राहिला. धक्क्यावर शुफाची झडप उतरली. त्याची मचव्यातच राहिली.

पण त्वालिब दुकानात येऊ लागला. एकदा मोडक्या जहाजाचे पितळी खिळे घेऊन आला. एकदा जुन्या पलंगाचे पाय, एकदा नुसतीच गरम, तळलेली गोड मांदाझी आणि नारळाच्या दुधातल्या तुरी.

दर वेळी शुफा रंधा न थांबवता विचारायची, “झडप आणलीस?”

“नाही. खिळे आणलेत.”

“मालिंदीला गेली?”

“वारा नाही.”

“मघाशी माझा बुईबुई उडून गेला असता, एवढा वारा आहे!”

“तो वेगळा वारा.”

मग तो उंबऱ्यावर बसायचा, तिने खरवडलेला जुना चुना झाडून काढायचा, आणि तिच्या केसांत अडकलेल्या लाकडाच्या छिलक्याकडे बघत राहायचा. एकदा त्याने तो काढायला हात पुढे केला. अर्ध्यावर थांबला... आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेला. शुफाने दिवसभर तो छिलका केसांतून काढला नाही. संध्याकाळी आरशात पाहिलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. दार पुरं करायचं की हे असलं काहीतरी?

दुसऱ्या दिवशी तिने जोडीची झडप स्वतःच कोरायची असं ठरवलं. त्याच्यावाचून काही अडत नाही! जुन्या जहाजाची फळी घेतली, आपली झडप समोर ठेवली आणि भराभर मापं उतरवली. कमळांची पाकळी न् पाकळी हुबेहूब. काम इतकं सुरेख उतरलं की काकांना बोलावल्याशिवाय तिला राहवेना. काका आले, मागून त्वालिबही आला.

शुफाने नवी झडप उचलून भिंतीवर आखलेल्या चौकटीच्या मापात धरली आणि तिचा चेहरा उतरला. बिजागरीची खुंटी भलत्याच बाजूला होती. झडप हुबेहूब उतरली होती, पण जोडीची झडप आरशातल्यासारखी उलटी कोरायची असते! आता सरळ लावली तर कमळं घराच्या आत आणि उघडी पाठ गल्लीत. उलटी टांगली तर कमळं खाली डोकं वर पाय.

काका पोट धरून हसले. “दोन्ही डावे जोडे घालून चालणार होय गं?”

त्वालिब हसला नाही. तो तसाच वळून गेला. शुफाला त्याचं ते जाणंच जास्त लागलं. ती रडली, अगदी हुंदके देऊन रडली. मग तोंड धुतलं, हत्यारं आवरली आणि कोरताना आपलं लक्ष कुठे होतं ते तिने एकदाचं कबूल करून टाकलं. लक्ष उंबऱ्याकडे होतं.

सकाळच्या पहिल्या होडीने तिने सियू गाठलं.

त्वालिबच्या मचव्याचं शीड वर चढत होतं. झडप मचव्यात होती, चटईत नीट गुंडाळून बांधलेली.

“थांब!” शुफा गुडघाभर पाण्यात उतरली.

“भरती निघून जाईल, शुफा.”

“जाऊ दे. मला बोलायचंय. मला झडप नको... म्हणजे, हवी. हवीच आहे. पण तू ती टेबलासाठी दिलीस, काका दुकान घेऊन बसले, तरी मी हे बोलणारच होते. मला तू आवडतोस. तू उंबऱ्यावर नसलास की माझी मापं चुकतात, आणि असलास तरी चुकतात. आता हस हवं तर.”

आजूबाजूच्या होड्यांवरचे लोक कामं सोडून ऐकत होते. त्वालिबच्या हातातून दोरी सुटली आणि शीड धाडकन खाली आलं.

“ही मालिंदीला चालली नव्हती,” तो कसाबसा म्हणाला. “लामूला चालली होती. तुझ्याकडेच. हॉटेलवाल्याला मी कधीच एका पलंगाची फळी देऊन टाकली.”

“कधीच? मग इतके दिवस का नाही आणलीस?”

“तू रोज विचारायचीस, झडप आणलीस? आणली असती, तर दुसऱ्या दिवशी काय विचारलं असतंस?”

त्याने हात पुढे केला. यावेळी तो अर्ध्यावर थांबला नाही. तिचा हात धरून तिला मचव्यात घेतलं आणि मग बराच वेळ सोडायचं विसरला.

ते तसेच लामूला गेले आणि शुफाची झडप घेऊन सियूला परतले. दोन्ही झडपा जोडीने त्या जुन्या घराच्या दारात उभ्या केल्यावर कोम्बोदादा म्हणाले, “चौकट न्या.” रेहेमाताई म्हणाल्या, “त्याला सांगा, न्या म्हणून मी आधी म्हणणार होते.”

मौलिदीला गावात ढोल वाजू लागले तेव्हा स्वालेह काका टीशर्टवाल्याला दुकान दाखवायला घेऊन आले. गल्लीत येऊन उभेच राहिले. दुकानाच्या भिंतीत कोरीव चौकट बसली होती, आणि चौकटीत तेलाने चमकणारं, पितळी खिळ्यांचं अख्खं दार. काकांनी पट्टीवाली देखणी झडप ढकलली. हलेना. पुन्हा ढकलली.

“काका, ती नाही,” आतून शुफाचा आवाज आला. “आधी माझी.”

बिनपट्टीची झडप उघडली, मग दुसरी. काकांनी कमळांवरून बोट फिरवलं. खुंटी पाहिली, सांधा पाहिला.

“तुझ्या बापाने असंच बसवलं असतं,” ते शेवटी म्हणाले, आणि टीशर्टवाल्याकडे वळले. “तू दुसरीकडे बघ बाबा. हे दुकान माझ्या पुतणीचं आहे.” मग त्यांना आतला त्वालिब दिसला. “आणि हा कोण?”

“सलाम, काका. मौलिदी झाली की माझ्या घरचे तुमच्याकडे बोलणी करायला येतील.”

“झाल्यावर कशाला? जत्रेत सगळे इथेच असतील ना? चहाला घेऊन ये उद्या.” काका काठी टेकत निघून गेले.

बाहेर ढोलांचा आवाज वाढला. मिरवणूक गल्लीत शिरत होती. शुफा आपली झडप लावायला गेली, तर त्वालिबने तिचं मनगट धरलं.

“उघडताना आधी तुझी,” तो म्हणाला. “लावताना आधी माझी.”

त्याने आपली झडप लावली. मग तिने तिची.