बाबांनी बंद केलेली गोळी

"तीन महिने! तीन महिने तुम्ही मला फसवलंत, बाबा!"

थोरलीने रक्ताचा रिपोर्ट टेबलावर आपटला, तसा खळीचा वाडगा हिंदकळला... आणि आयुष्यभर पुस्तकबांधणी केलेल्या बाबांनी आधी ओली पुस्तकं बाजूला सरकवली!

"अगं, जरा हळू... पुठ्ठे भिजतील."

"कोलेस्टेरॉल दुप्पट झालंय, आणि तुम्हाला पुठ्ठ्यांची पडलीय?"

तिच्या कपाळाची शीर थडथडत होती. दोन वर्षांपूर्वी बाबांना हृदयविकाराचा झटका आला, त्या दिवसापासून तिने त्यांना तळहातावर झेललं होतं, पापणीआड जपलं होतं. बेताच्या तेलाची भाजी, संध्याकाळचा फेरफटका, जेवणानंतरची ती एक गोळी... आणि हा माणूस रोज निर्मळ चेहऱ्याने "घेतली गं" म्हणत होता!

"मागचा रिपोर्ट चांगला होता ना?" बाबा पुटपुटले. "खळ वाळली की पुस्तकावरचं वजन काढायचं असतं. मीही काढलं."

"तुम्ही पुस्तक नाही आहात, बाबा! गोळी चालू होती म्हणूनच रिपोर्ट चांगला होता! रक्तवाहिन्यांत पुन्हा चरबी साठू नये, पुन्हा झटका येऊ नये, म्हणून ती कायमची आहे. डॉक्टरांनी किती वेळा सांगायचं? गोळीने पाय दुखत होते? मग तसं बोलायचं, गोळी बदलून मिळते. पण गुपचूप बंद? का?"

बाबा अंगठ्यावरची वाळलेली खळ खरवडत राहिले.

"मला आजारी राहायचं नव्हतं."

"म्हणजे?"

"मूकबधिर मुलांच्या त्या लांबच्या शाळेने तुला दोनदा बोलावलं. मुख्याध्यापिका म्हणून! दोनदा तू नाही म्हणालीस. शेजारणीला सांगत होतीस, बाबांच्या गोळ्या चालू आहेत तोवर मी कुठे जाणार... मी ऐकलं. म्हटलं, गोळीच बंद केली, तर पोर मोकळी होईल."

"धन्य आहे तुमची!" तिला संतापावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. "तुम्हाला काही झालं असतं, तर त्या खुर्चीत मी कोणत्या तोंडाने बसले असते?"

"आणि माझ्यापायी तू इथे सुकत राहिलीस, तर मी कोणत्या तोंडाने जगू?"

थोरलीला आता उमगलं. त्या इवल्याशा गोळीची बेडी बाबांनी नव्हे, तिनेच आपल्या पायात घालून घेतली होती... आणि त्यागाच्या भरात ती इतकी मिरवली होती, की म्हाताऱ्या जीवाला तिचा खुळखुळाट सोसवला नाही!

"उलटं आहे हो सगळं," ती हुंदका गिळत म्हणाली. "तुम्ही गोळी घेतलीत तरच मी जाऊ शकते. नाही घेतलीत, तर उंबऱ्याबाहेर पाऊल निघायचं नाही माझं."

"घेतो. लाव शाळेला फोन."

"आधी डॉक्टरांना! तीन महिन्यांचा घोळ निस्तरायचाय."

"मग शाळेला. माझ्यासमोर."

"किती हट्टी आहात!"

"आणि तू कुणाची पोर?"

डॉक्टरांशी बोलून झालं, तरी ती नाक पुसत बडबडतच होती, की शाळेचा नंबर कुठे ठेवलाय कोण जाणे, तो नंबर असलेली दोन्ही पत्रं तर केव्हाच फाडून टाकली... तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि एकेक आकडा सावकाश, न अडखळता म्हणायला सुरुवात केली.