चूक करून दाखवा, आबासाहेब

पैज लागली ती एका तडकलेल्या बादलीवरून.

सुवर्णतारा कॉलनीच्या गेटाबाहेर रोज सकाळी सातला चहाचा घोळका जमायचा. कोल्हापुरात तोवर गाड्या आपल्या आपण पळायला लागल्या होत्या. माणसं त्यांना ‘डबे’ म्हणायची. डबा बोलवायचा, आत बसायचं, डुलकी काढायची, उतरायचं. स्टिअरिंग हातात धरायचा परवाना अख्ख्या जिल्ह्यात अकरा जणांकडं उरला होता आणि त्यातले एक होते हिंदूराव इंगवले.

वय अडुसष्ट. फाउंड्रीचे मालक, पण कारभार मुलाकडं गेलेला. ते कारखान्यात गेले की सगळे उठून उभे राहायचे, चहा यायचा, आणि विचारायचं मात्र कुणी काहीच नाही. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांच्या हाताला लागत नसे. राहिली होती ती गाडी. अठरा फूट लांब, काळीभोर, आत लोण्यासारख्या मऊ कातडी सीटा. दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज यायचा. कॉलनीनं तिचं नाव ठेवलं होतं ‘आगबोट’. ती आगबोट हिंदूराव कॉलनीच्या चिंचोळ्या गेटातून रिव्हर्समध्ये अशी आत घालायचे, की बघणाऱ्याचा घोट कपातच राहायचा.

“चाळीस वर्षं,” त्या दिवशीही ते म्हणाले, “चाळीस वर्षांत एक ओरखडा दाखव, चंद्या. एक!”

चंदू शिपुगडेचं कोपऱ्यावर चाकांचं दुकान होतं. वय पन्नास, पण अंगातली खोडी दहावी नापास झाल्या दिवसापासून तशीच टवटवीत. त्यानं बशीतला चहा संपवला.

“ओरखडा न्हाई, तेच तर दुखणं हाय आबासाहेब. गाडी तुम्ही चालवतच न्हाई.”

“मग काय तुझा आजा चालवतोय?”

“आज्यानं चालवली असती तर टायर एका अंगानं झिजलं असतं. माणसाच्या हातची गाडी असली की झीज वाकडी पडतेच. माझा बाप वळणावर उगंच घाई करायचा, त्याचं डावं टायर कायम टकलं. माणसाचा स्वभाव टायरात उतरतो. वर्षभर तुमची चारी टायरं बघतोय. मोजपट्टी लावून किसल्यागत. ही माणसाची झीज न्हवं.”

“अरे, त्याला हात म्हणतात, हात!”

“मग चूक करून दाखवा.” चंदूनं टपरीमागची तडकलेली निळी बादली उचलली आणि वीस पावलांवर रस्त्याच्या मधोमध ठेवली. “ही चेपा. तीन डाव. चेपली तर रविवारी सकाळी मी उलट्या पावलांनी कॉलनीला फेरी मारीन, तोंडानं रिव्हर्सची धून वाजवत. न्हाई चेपली तर तुम्ही.”

“एवढंच? बादली मोड म्हणतोस? आण तुझी आणखी चार मडकी!”

पहिल्या डावाला आगबोट झोकात निघाली आणि बादलीला वीतभर अंतर ठेवून गेली. “टायरला उगंच कशाला,” हिंदूराव काच खाली करून म्हणाले. दुसऱ्या डावाला डोळ्यांवर ऊन आलं. तिसऱ्याला त्यांनी दात आवळले, स्टिअरिंग घट्ट धरलं, नजर बादलीवरून हलू दिली नाही. बादली जागची हलली नाही. गाडी तिच्या पलीकडं जाऊन थांबली होती.

हिंदूराव उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय झालं?” चंदूनं विचारलं.

“शेवटच्या क्षणाला मीच हात वळवला. दया आली.”

“बादलीची?” चंदू खो खो हसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की बाकी कुणीच हसत नाही. सगळे कपात बघत होते.

हिंदूरावांना हरल्याचं काही वाटलं नव्हतं. ते घाबरले होते वेगळ्याच गोष्टीला. तिन्ही वेळा हात आपणच वळवला, असं त्यांना अगदी खरं वाटलं होतं. आणि तिन्ही वेळा त्यांना तो वळवायचा नव्हता.

त्यांची मुलगी केतकी पुण्यात गाड्यांच्या संशोधनशाळेत होती. आगबोट घेतली तीही तिच्याच सल्ल्यानं. सुट्टीला आलेल्या केतकीला त्यांनी पोर्चमध्ये गाडीशेजारी उभं केलं.

“गाडी कोण चालवतं?”

केतकी बराच वेळ बोनेटवरून हात फिरवत राहिली. “आबा, आत चला. बसून बोलू.”

“हितंच बोल. हिच्यासमोर.”

“गाडीत एक यंत्रणा आहे, तिला आम्ही ‘मानराख’ म्हणतो,” ती म्हणाली. “हात हलायच्या आधी स्नायूत बारीक विजेचा झटका येतो. स्टिअरिंगच्या कातड्याखाली तारा आहेत, त्यांना तो कळतो. म्हणजे तुम्ही काय करणार हे गाडीला तुमच्या हाताच्या आधी समजतं. ते बरोबर असेल तर ती गप्प बसते. चूक असेल तर बरोबर तेवढंच स्टिअरिंग ती स्वतः फिरवते, तुमच्या हातासकट. पायाखालच्या पेडलांचंही तसंच.”

“आणि मला कळत नाही? मी काय दगड आहे?”

“कुणालाच कळत नाही. आपला मेंदू गावच्या पुढाऱ्यासारखा असतो, आबा. काम कुणी केलं ते बघत नाही, फीत कापायला पुढं. मनात आलं आणि लगेच, पाव सेकंदाच्या आत, काही घडलं, की तो म्हणतो हे मीच केलं. आणि मनात होतं एक, घडलं दुसरंच, तर म्हणतो, माझाच विचार बदलला.”

हिंदूराव हळूच पोर्चच्या पायरीवर टेकले.

“कधीपासून?”

“तीन वर्षं. तुमचे हात पाऊण सेकंद उशिरा पोचायला लागले तेव्हापासून. परवाना जाणार होता.”

“ती सायकलवाली मुलगी...” हिंदूराव म्हणाले.

ही गोष्ट सगळ्या पावण्यारावळ्यांना पाठ होती. घाटात वळणावर अचानक सायकलवरून आडवी आलेली मुलगी, हिंदूरावांनी करकचून दाबलेला ब्रेक, तिच्या फ्रॉकपासून चार बोटांवर थांबलेली आगबोट. तिची आई रस्त्यातच त्यांच्या पाया पडली होती. प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीला ते ती गोष्ट सांगायचे आणि सांगताना दर वेळी त्यांचा उजवा पाय टेबलाखाली दाबला जायचा.

“ब्रेक तुम्ही दाबला नव्हता, आबा,” केतकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही अॅक्सिलरेटरवर होतात.”

आतून केतकीची आई, शालनकाकी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्याकडं बघताच हिंदूरावांना समजलं.

“तुला पण ठाऊक होतं?”

“अहो, गाडी काढून घेतली असती तर तुम्ही खाटेला खिळला असता,” काकी म्हणाल्या. “मीच हिला म्हणाले. कारखाना गेला, एवढं तरी राहू दे त्यांच्या हातात.”

“हातात काय राहिलं ग शालन? चाळीस वर्षं संसार केला आणि माझ्या हातात खुळखुळा दिलास.”

मग ते केतकीला म्हणाले, “बंद कर ते.”

“आबा...”

“बंद कर. आत्ता. माझ्यासमोर.”

केतकीनं फोनवर काहीतरी केलं. हिंदूराव गाडीत बसले, कॉलनीला एक फेरी मारून आले, गेटातून रिव्हर्समध्ये आत शिरले. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. अगदी नेहमीसारखं.

“खरंच बंद आहे?”

“हो, आबा.”

उत्तर यायला जरा वेळ लागला. किती, ते त्यांना मोजता आलं नाही. पाऊण सेकंद असेल. त्यांनी किल्ली केतकीच्या हातात ठेवली आणि आत निघून गेले.

शनिवारी चंदू दारात आला. पहिल्यांदाच त्याच्या हातात टोपी होती. “आबासाहेब, ऱ्हाऊ द्या ती पैज. चेष्टा केली. मला काय म्हाईत, एवढं लागंल ते. माफ करा.”

“तुला का माफ करू? तू एकटाच खरं बोललास.” हिंदूरावांनी त्याला सुपारी दिली. “हरलोय ना मी? मग फेडणार. बादली मोडणं माझ्या हातात न्हवतं. हरलेली पैज फेडणं तरी हाय. ते कुणाच्या बापाला माझ्यासाठी करता येत न्हाई.”

रविवारी साडेआठला सगळी कॉलनी बाहेर होती. गॅलऱ्या भरल्या होत्या. हिंदूरावांनी कोल्हापुरी फेटा बांधला होता. त्यांनी गेटाकडं पाठ केली, छाती काढली आणि तोंडानं धून वाजवत उलटी पावलं टाकायला सुरुवात केली. “टीं टिरी टीं टीं, टीं टिरी टीं टीं!” लोक हसले, शिट्ट्या झाल्या. हिंदूरावही हसले. किती दिवसांनी पाय आपल्याच मर्जीनं पडत होते.

कॉलनीचा रस्ता म्हणजे अडथळ्यांची शर्यतच. कुंड्या, स्कूटरी, वाळत घातलेल्या गाद्या, लोकांनी टाकलेल्या खुर्च्या. मागं न बघता हिंदूराव चालत राहिले आणि कशालाही धडकले नाहीत. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. काय चाल आहे, त्यांच्या मनात आलं, अजून अंदाज गेलेला नाही आपला.

पण उलटं चालणाऱ्याला ओलांडलेला रस्ता दिसतो.

पाटील वकील उचललेली खुर्ची परत जागेवर ठेवत होते. देसाईबाई स्कूटर ढकलून पुन्हा स्टँडवर लावत होत्या. दोघं जण गादी पसरत होते. शालन, त्यांची शालन, पदर खोचून एक जड कुंडी परत रस्त्याकडेला सरकवत होती आणि केतकी तिला हात देत होती. कुणी वर बघत नव्हतं. सगळं बिनआवाजी, सवयीचं. कालपरवा शिकल्यासारखं नव्हतं ते.

धून वाजवता वाजवता हिंदूराव मागचं आठवायला लागले. कॅरममध्ये आपण जिंकतो ते. सोसायटीच्या मीटिंगला आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं ते. फाउंड्रीत उठून उभे राहतात ते.

डाव्या हाताला पाण्याच्या टाकीची सिमेंटची भिंत होती. ती कुणाच्या बापाला हलवता येणार नव्हती. हिंदूरावांनी मनाशी ठरवलं आणि मुद्दाम, पूर्ण शुद्धीत, पावलं डावीकडं वळवली. एक. दोन. तीन. आता पाठीला खरखरीत सिमेंट लागणार, लागू दे.

पाठीला एक तळहात लागला. मऊ, गरम. त्यानं ढकललं नाही, अडवलं नाही. नुसतं जरासं उजवीकडं केलं.

आणि पुढच्याच पावलाला हिंदूरावांना अगदी मनापासून वाटलं, की वळलो ते आपणच.