रिकामा डबा

तृप्ती, ब्लॉग काढायचा म्हणतेस ना? मग बस इथे. रोज पावणेदोनला लाइट जाते, तोवर मराठी टायपिंगचं दाखवते तुला. पण आधी माझं ऐक. नाव काय ठेवायचं ते मग ठरव.

माझा 'उंबऱ्याशी' सुरू झाला दोन हजार सहाच्या दिवाळीत. अगं, काय मजा होती म्हणून सांगू! आपल्या इथल्या नदीवर, गंगेवर भरणाऱ्या बुधवारच्या बाजाराबद्दल चार ओळी खरडाव्यात, आणि सकाळी बघावं तर अमेरिकेतून कुणीतरी लिहिलेलं, 'ताई, रडवलंत.' मला मेलीला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. हेसुद्धा संध्याकाळी सहाला ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन आधी ब्लॉग वाचायचे, अगदी कमेंट्ससकट. अजून वाचतात.

सासूबाई तेव्हा मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या. आवाज गेला होता, म्हणून काही हवं असलं की स्टीलची वाटी कॉटच्या लोखंडी दांडीवर आपटायच्या. टण्. की मी उठायचे. एका दुपारी नाही उठले. नव्या पोस्टवर कमेंट्सचा ढीग पडला होता, उत्तरं देत होते. तीनदा वाजली वाटी. "आले हं," म्हणाले आणि तिथेच बसून राहिले. आत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. तोंड उघडं, हात तांब्याकडे. तांब्या मी लांब ठेवला होता.

ह्यांना सांगितलं, झोपेतच गेल्या. त्यांना केवढा धीर आला त्याचा! 'आईला काही त्रास झाला नाही,' असं आल्या-गेल्याला सांगतात बिचारे. मी आत जाऊन भांडी आवरते.

हे मी एकाच माणसाजवळ बोलले होते. नवसाबाईजवळ. मखमलाबादहून फुलांची पाटी घेऊन यायची ती, दुपारी दीडला उंबऱ्याशी टेकायची. वर्षश्राद्ध झालं, दुसऱ्या दिवशी तिला डब्यात रव्याचे लाडू दिले, आणि मला रडूच फुटलं. सगळं ओकले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, भरलं भांडं आलं तर रिकामं धाडू नाय. येवढं तुम्ही दिलं, मी तशीच कशी उठू?"

आणि तिनं तिचं दिलं.

तिची चार वर्षांची पोर विहिरीत पडून गेली होती. "पोर माझ्यापाशीच व्हती. मी माळा ओवीत बसले, ध्यान नाय राह्यलं. घरात सांगितलं, आजीपाशी व्हती. म्हातारी जन्मभर बोल खात मेली, बाई. मालकानं सोताच्या आईला शेवटपत्तोर माफ केलं नाय… कुणाला बोलू नका."

"नाही गं," म्हणाले मी. आणि त्याच आठवड्यात लिहिलं.

बघू नकोस अशी माझ्याकडे. नाव बदललं, गाव बदललं. पण तिच्या विहिरीवर वाकलेलं रामफळाचं झाड नाही बदललं. ते लिहिण्यात इतकं छान उतरलं होतं, काढवेना मला! एकशे दहा कमेंट्स आल्या. त्या दिवशी मी शिरा केला होता घरात.

नवसाबाई यायची थांबली. महिन्यानं तिचा पुतण्या आला, कुंदन. सायबर कॅफे चालवतो तो. हातात माझा डबा.

"काकी गेली," म्हणाला. "तुमचा ब्लॉग मी नेहमी वाचतो, बाई. कौतुकानं प्रिंट काढून नेली. म्हटलं, काकी, तुझ्या बाई काय भारी लिहितात ते ऐक. सगळे जेवायला बसले होते. रामफळापाशी आलो, तर काका ताटावरून उठले. मला काय ठाऊक हो… काका पुन्हा तिच्याशी बोललेच नाय. तिनं अन्न सोडलं."

मी डबा घ्यायला हात पुढे केला.

"जाताना म्हणली, बाईंचा डबा रिकामा देऊ नको. तिनंच भरलाय, माझ्या डोळ्यांदेखत."

तो गेल्यावर उघडला. आत काही नव्हतं. नुसता झेंडूचा वास, ओल्या पाटीला येतो तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. पंखा थांबला. एवढं शांत, की माझाच श्वास ऐकू यायला लागला. आणि मागच्या बंद खोलीतून… टण्.

मी हलले नाही. तेव्हाही नाही हलले.

चारला लाइट आली, कॉम्प्युटर लावला. कमेंट होती. नाव नवसाबाई, वेळ दोन वाजून दहा. अगं, अंगठा उठवणारी बाई ती! लिहिलं होतं, 'बाई, म्हातारी झोपेत गेली नाय. वाटी वाजवीत व्हती. तीनदा नाय. खरं लिवा.'

पुसली. दुसऱ्या दिवशी परत आली. कमेंट्स बंद केल्या, तरी आली. ब्लॉगच काढून टाकला, तर चारला पुन्हा तिथे, सगळ्या पोस्टांसकट. आता रोज चार ते सहा हेच एक काम, हे घरी यायच्या आत पुसायचं. परवा देवळात उशीर झाला, धावत आले तर हे कुलूप उघडत होते. एक दिवस हुकणारच, तृप्ती. मग ह्यांच्या आईचं…

गेली बघ लाइट.

ऐक, नवसाबाईला मी वाटी तीनदा वाजली असंच सांगितलं होतं. मघाशी तुलाही तेच सांगितलं. मोजायला दुसरं होतं कोण घरात? सातदा वाजली गं. सात. मी मोजलं होतं, उत्तरं टाइप करता करता.

…वाटी, आली ना ऐकू? उठू नकोस. हात धर माझा.

तू मोज. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.