अर्धा अँटेना

ज्या यंत्रातून सगळ्यांचं बोलणं आत येतं, त्याच यंत्रातून आपलं बोलणं मात्र बाहेर जात नाही, असं होऊ शकतं का? रुंजी तांडेल सात महिने या एकाच प्रश्नापाशी अडून बसली होती. अकरा वर्षांच्या मुलीनं खरं तर याहून बरे प्रश्न घेऊन बसावं. पण तिचे बाबा खोटारडे आहेत की नाहीत, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार होतं.

तांडेल मंडळी मूळची समुद्रकाठची. त्यांचं मांडवखार गाव भरतीच्या पाण्याखाली गेलं, त्याला चार वर्षं झाली होती. सरकारनं गावाच्या बदल्यात घरगाड्या दिल्या (घरगाडी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, झोपायचे बाक, पाण्याची टाकी असं सगळं असलेलं चाकांवरचं घर) आणि काम दिलं ते साक्रीच्या माळावर, सौरपॅनेलं धुण्याचं. पिढ्यान् पिढ्या खाऱ्या पाण्यात हात असलेली माणसं आता मोजक्या गोड्या पाण्यात काचा पुसत फिरत होती. माळावर मोबाइलचा टॉवर नव्हता. कंपनीचं म्हणणं असं, की टॉवर माणसांसाठी असतो आणि माळावर माणसं राहत नाहीत, पॅनेलं राहतात. साल होतं २०६१. चंद्रावरच्या वसाहतीशी लोक रोज गप्पा मारत होते, पण माळावरून साक्रीला निरोप धाडायचा तर गाडी काढावी लागे.

म्हणून घरगाड्यांमध्ये सीबी रेडिओ आले (सीबी रेडिओ म्हणजे साध्या माणसांना आपसात बोलण्यासाठी असलेला छोट्या पल्ल्याचा बिनतारी संच). बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. नीट बसवला तर माळावर दहा-पंधरा किलोमीटर आवाज जातो. यातलं ‘नीट बसवला तर’ एवढं मात्र कुणी मनावर घेतलं नाही.

रुंजीच्या बाबांना, हरेश्वर तांडेलांना, तर शिकवण्याची सोयच नव्हती. पंचवीस वर्षं होडीवर रेडिओ वापरलेला माणूस. होडी मोडीत काढली तेव्हा त्यांनी तिच्यावरचा रेडिओ आणि अँटेनाची काठी तेवढी जपून आणली आणि घरगाडीच्या टपावर ठोकून बसवली. शेजारच्या गाडीशी बोलून पाहिलं, आवाज लख्ख गेला. झालं, काम फत्ते.

मग चैत्रातली ती दुपार आली. रुंजीची आजी, जिला सगळे आये म्हणत, तेव्हा थोरल्या मुलाच्या, काशिनाथकाकाच्या गाडीत होती. काकाची गाडी नऊ किलोमीटरवर. रेडिओतून काकाचा आवाज आला, की आयेला दम लागलाय, ओठ निळे पडलेत, फिरता दवाखाना आज माळावरच्या कुठल्या टाकीपाशी उभा आहे ते सांग. दवाखाना उभा होता रुंजीच्या दारात. बाबांनी बटण दाबून पाच वेळा सांगितलं. रुंजीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. काका मात्र विचारतच राहिला. वीस मिनिटं वाट पाहून त्यानं गाडी उलट्या दिशेला, तालुक्याच्या रस्त्याला घातली. बाबा धावत गाडी घेऊन तिथे पोचले तेव्हा चाकांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. तालुका चाळीस किलोमीटर लांब होता आणि आयेला तेवढा वेळ नव्हता.

नंतर काकानं एवढंच विचारलं, की माझं बोलणं ऐकलंस का? बाबा म्हणाले, ऐकलं आणि उत्तरही दिलं. काका म्हणाला, “ऐकलंस हे खरं. दिलंस हे खोटं.” होडी मोडीत काढण्यावरून भावाभावांत आधीच वाजलं होतं, त्यामुळे काकाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. रुंजीनं साक्ष दिली, पण पोर बापाचीच बाजू घेणार, असं म्हणून सगळ्यांनी ती सोडून दिली.

आणि आता काकाच्या घरगाड्यांचा ताफा पुढच्या कामासाठी कच्छला चालला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. माळ संपून घाट उतरला की ते कुठल्याच रेडिओच्या पल्ल्यात राहणार नव्हते.

रुंजी रेडिओचा डबा पोटाशी धरून दहिफळेबाईंकडे गेली. या बाई पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेल्या. आता त्या माळावरचे पॅनेल धुणारे यंत्रमानव दुरुस्त करत. तोंडानं फटकळ, हातानं देवमाणूस.

बाबांनी बसवताना कसून तपासला होता, शेजारी आवाज गेला होता, असं रुंजीनं सांगितलं. बाई म्हणाल्या, शेजारी तर खिडकीतून हाक मारली तरी जातो, त्याला रेडिओ कशाला हवा.

मग त्या रुंजीबरोबर तिच्या घरगाडीत आल्या आणि रेडिओ आणि टपावरून आलेली अँटेनाची केबल यांच्यामध्ये त्यांनी एक लहान मीटर जोडला. तो परतलाटमापक होता (रेडिओतून निघालेल्या लाटांपैकी किती बाहेर न जाता परत आल्या, हे दाखवणारं यंत्र). रुंजीनं बटण दाबलं. काटा जागचा हललाच नाही, कारण लाटा निघतच नव्हत्या. बाईंनी डबा उघडून बोट दाखवलं. पाठवायच्या बाजूचा शेवटचा ट्रान्झिस्टर (आवाजाच्या लाटेला ताकद देणारा विजेचा पुर्जा) काळा पडला होता.

“हा मेला,” बाई म्हणाल्या. “मेला तो भाजून मेला. आता याला भाजला कुणी, ते बघू.”

त्यांनी स्वतःचा धडका रेडिओ त्याच केबलला लावला आणि रुंजीला क्षणभरच बटण दाबायला सांगितलं. काटा एकाच्या पुढे, दोनच्या पुढे, तीनच्याही पुढे जाऊन लाल पट्ट्यात आदळला. बाईंनी तिचा हातच ओढला. एक म्हणजे उत्तम, दोनच्या आत म्हणजे चालेल, तीनच्या वर गेला तर बटणाला हात लावायचा नाही. निघालेल्या लाटा केबलमधून परत येतात, त्यांची उष्णता होते आणि रेडिओ आतून भाजत राहतो. अँटेना न जोडता नुसतं बटण दाबलं तरी हेच होतं.

मग लाटा परत का येतात? बाईंनी तिला उलट विचारलं, की धक्क्यावरून होडी ढकलताना काय करायचात? रुंजी म्हणाली, होडीत बसून धक्क्याला पाय लावायचा आणि रेटायचं.

“आणि धक्काच नसता तर?”

“पाय हवेत.”

“अँटेनातल्या विजेचंही तसंच आहे बघ. काठीत वर धावायला तिला खालून रेटा लागतो. काठी हा अँटेनाचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा तिच्याखालचा धातू.”

त्याला भूप्रतल म्हणतात (अँटेनाखाली पसरलेला, वीज वाहून नेणारा पाया). लोखंडी टपाच्या गाडीत टपच भूप्रतलाचं काम करतो, वेगळं काही करावं लागत नाही. काकाची गाडी जुनी, लोखंडी होती. रुंजीची गाडी नवी, गुळगुळीत, फायबरची. फायबरमधून वीज वाहत नाही. काठी टपावर ऐटीत उभी होती खरी, पण तिच्या पायाखाली काहीच नव्हतं.

मग ऐकू कसं येत होतं? बाई म्हणाल्या, ऐकणं सोपं असतं. आत आलेला आवाज कितीही बारीक असला तरी रेडिओ तो मोठा करून ऐकवतो, पण आपला आवाज लांब जायचा तर तो इथूनच दमदार निघावा लागतो. म्हणून काकाचं सगळं आत येत होतं आणि बाबांचं टपावरच मरत होतं.

रुंजीला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात एक काटा राहिला. होडीसुद्धा फायबरचीच होती. हीच काठी, हाच रेडिओ, आणि मांडवखारहून बोललेलं पार खांदेरी बेटापलीकडच्या होड्यांना ऐकू जायचं. तिनं हे बाईंना सांगितलं आणि सांगता सांगताच थांबली. तिला होडी मोडायचा दिवस आठवला. रेडिओच्या मागून एक हिरवट पडलेली जाड तार निघाली होती. ती तळातून बाहेर जाऊन होडीच्या पोटाला, पाण्याखाली, एका तांब्याच्या पट्टीला जोडलेली होती. बाबांनी ती पक्कडीनं कापली होती. समुद्रच नाही, तर ही तार हवी कशाला, असं म्हणाले होते.

“खारं पाणी वीज वाहून नेतं का?” रुंजीनं विचारलं.

बाईंनी मान हलवली. मग नेहमीसारखं काही न सुनावता हळूच म्हणाल्या, “तुमच्या अँटेनाचा खालचा अर्धा भाग समुद्र होता, पोरी.”

समुद्र गेला तेव्हा काय काय गेलं याची यादी मांडवखारच्या प्रत्येक माणसाकडे होती. घर, होडी, सुकत घातलेले बोंबील, पूर्वजांची जागा. त्या यादीत आपला आवाजही होता, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. रुंजीला तिथेच रडू आलं.

उत्तर सापडलं की बाबा हलके होतील, असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, कापलेल्या तारेचं ऐकताना डोळे मिटले आणि म्हणाले, “म्हणजे मी खोटा नव्हतो. गाढव होतो.” सात महिने त्यांना काकाचा राग येत होता, त्या रागाला टेकून तरी बसता येत होतं. आता तोही आधार गेला.

संध्याकाळी रुंजी काकाकडे जाऊन आली. तो सामान बांधत होता. ट्रान्झिस्टर, फायबर, भूप्रतल, तिनं भडाभडा सगळं सांगितलं. तारेपर्यंत पोचायच्या आतच काकानं तिला थांबवलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून त्यानं पाठ फिरवली. मग सांगून उपयोग नव्हता. ऐकवायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं टपावर चढली. दहिफळेबाईंनी रात्रीतच आपल्या एका मोडक्या रेडिओतला ट्रान्झिस्टर काढून बाबांच्या रेडिओत बसवला होता. फुटक्या पॅनेलांच्या चौकटींमागचे ॲल्युमिनियमचे पत्रे माळावर हवे तेवढे पडलेले. त्यातले सहा त्यांनी टपावर अंथरून एकमेकांना रिव्हेट मारले. जोडाच्या जागी रंग खरवडून धातू उघडा केला, कारण रंगाच्या थरातून वीज जात नाही. अँटेनाचं बूड मधोमध, पत्र्याला घट्ट. पत्र्यापासून गाडीच्या लोखंडी चासीपर्यंत (गाडीच्या तळाचा सांगाडा) तांब्याच्या विणलेल्या तारेची रुंद पट्टी. केबलचं जास्तीचं भेंडोळं कापून तिला बेताची केली. हे चालू असतानाच सात वाजले आणि काकाच्या ताफ्याची धूळ पश्चिमेला निघाली.

मीटर लावला. काटा सव्वादोनवर आला. बाबा म्हणाले, पुरे, बोलू. बाई म्हणाल्या, याच घाईनं सात महिने घालवलेत. त्यांनी रुंजीला आधी सगळ्यात खालच्या आणि मग सगळ्यात वरच्या चॅनेलवर काटा बघायला लावला. वरच्या चॅनेलवर काटा जास्त भरला तर काठी लांब, खालच्यावर जास्त भरला तर आखूड. वरच्यावर जास्त होता. रुंजीनं काठीचं टोक बोटभर आत सारून स्क्रू आवळला, पुन्हा पाहिलं, आणखी थोडं सारलं. काटा दीडच्या आत येऊन थांबला. तोवर ताफा नऊ-दहा किलोमीटर गेला होता, घाट अगदी समोर होता.

बाबांनी माइक हातात घेतला. रुंजीला वाटलं, ते माफी मागतील, किंवा सगळं समजावून सांगतील. बाबांनी बटण दाबलं आणि संथपणे तेच बोलले, जे चैत्रातल्या त्या दुपारी पाच वेळा बोलले होते.

“काशिनाथ, दवाखाना आमच्या इथंच आहे. आठ नंबरच्या टाकीपाशी. आयेला घेऊन सरळ ये.”

बटण सोडलं. खरखर ऐकू येत राहिली. बाबा बोलत असताना रुंजीनं काट्याकडे पाहिलं होतं, काटा खोटं बोलत नव्हता, आवाज गेला होता. आता कुणी गप्प राहिलं, तर ते माणूस गप्प राहिलेलं असणार होतं.

बऱ्याच वेळानं रेडिओ बोलला. “ऐकू आलं,” काका म्हणाला. मग पुन्हा खरखर. “आज आलं.”

बाबांनी माइक खाली ठेवला. रुंजीनं माइक उचलून होडीतल्या तारेचं सांगितलं, काल जे सांगायचं राहिलं होतं ते. बटण सोडल्यावर काकाचा आवाज आला.

“ती तार मीच जोडली होती. हरेश लहान होता. ती कशाला लागते ते त्याला सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं.”

आयेला परत आणील असं दोघांकडेही काही नव्हतं.

मग काकानं रुंजीला हाक मारली. त्याच्या ताफ्यात तीन गाड्या फायबरच्या होत्या आणि कच्छच्या रणात तरी टॉवर कुठून असणार. पत्रे किती, केवढे, जोड कसा, नीट सांग, मी लिहून घेतोय. रुंजीनं सांगितलं. सहा पत्रे, टपभर. रंग खरवडायचा. चासीला तांब्याची पट्टी. आधी मीटर, मग बोलणं. काटा तीनच्या वर असेल तर बटणाला हात नाही.

“पट्टी किती रुंद?” काकानं विचारलं. ताफा घाटात उतरू लागला होता, आवाज विरळ होत होता.

“तीन बोटं,” रुंजी म्हणाली, आणि आवाज पोचला की नाही म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.

तिनं मागे पाहिलं. बाबा उरलेला पत्रा खांद्यावर घेऊन शेजारच्या घरगाडीकडे निघाले होते. तीही फायबरचीच होती.