साडेनऊची धून

सकाळी नाचणीची पेज निवली की दीपाली मोबाईलवर ती जपानी धून लावायची. त्याशिवाय आप्पा तोंडच उघडत नसत.

आप्पा म्हणजे तिचे सासरे, अण्णाप्पा. अर्धांगवायूनं चार वर्षं खाटेला खिळलेले, वाचा गेलेली. त्याआधी सहा महिने ते जपानात लेकाकडं, म्हणजे दीपालीच्या नवऱ्याकडं, आर्जवकडं, राहून आले होते. तिथं दुपारी एकला टीव्हीवर मुलाखतींचा एक कार्यक्रम लागायचा. म्हणे कित्येक वर्षं चाललाय. रोज नवा पाहुणा, त्याची जन्मापासूनची विचारपूस. सुरू होताना तीच धून, संपताना तीच. आप्पांना भाषेतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण धून वाजली की ते ताट पुढं ओढायचे. तिकडचा एक म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. आर्जवनं धून पाठवून दिली, आणि सांगलीजवळच्या त्या मळ्यात रोज साडेनऊला जपान वाजायला लागलं. हौस एकाची आणि जीव मेटाकुटीला दुसरीचा, दुसरं काय!

त्या बुधवारी मोबाईल बंद पडला होता. दीपाली वाटी घेऊन आली, तर धून सुरू झालेली. खाटेशेजारच्या रिकाम्या खुर्चीतून. हळू, गोड... आणि खोलीत ओल्या गवताच्या चटईसारखा वास.

"व्हय... सांगतो की," आप्पा स्वच्छ बोलले. चार वर्षांनी!

तीन दिवस ते खुर्चीकडं बघून सांगत राहिले. लहानपण, शाळा, पहिली बैलजोडी, बायकोचं आजारपण. शुक्रवारी सांगणं त्याच सकाळच्या पेजेपर्यंत येऊन ठेपलं.

"झालं बघा... आता काय बी न्हाई राहिलं."

पुन्हा धून वाजली. ती संपली तेव्हा आप्पांची मान कललेली होती.

धुण्याभांड्याला येणारी बनाबाई दारातच थिजली होती. ती कुजबुजली, "वैनी, ती खुर्ची जाळा. आन् कुणी काय इचारलं तर जबाब दिऊ नगा. सांगून संपलं की माणूस संपतंय."

आर्जव आला, दिवस करून आला तसा परत गेला. दुखवट्याची माणसं पांगली. लेक प्रियदर्शनी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तीही दिवस होताच परत गेलेली; आता शनिवारी यायची होती. तिचं वर्ष पार पडेस्तोवर मला उभी ठेव, एवढंच दीपालीचं देवापुढं मागणं असायचं. दुसरं काही मागायची ताकदच उरली नव्हती.

खुर्ची तिनं जाळली होती. तरी शनिवारी साडेनऊला धून वाजली. मग आवाज आला, बाईचा की बाप्याचा ते कळेना.

"दीपाली... दमलीस का गं?"

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. हाकेला ओ द्यायची नाही, हे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगतात. पण कुणी मायेनं विचारपूस केली तर काय करायचं, हे कोण शिकवतं? आर्जवच्या प्रत्येक फोनला 'आप्पा कसे हायत?' एवढंच. मेलं लग्नाच्या तेवीस वर्षांत एकानं विचारलं नव्हतं! तिला भडभडून आलं.

"लय दमले," ती म्हणाली.

आणि तिच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. आता सांगणं संपू देऊन चालणार नव्हतं. तिनं अगदी पहिल्यापासून धरलं. जतचं माहेर, टँकरमागं घागर घेऊन पळणं, सातवीत आलेला पहिला नंबर, मामानं आणलेली निळी चप्पल. एकेक गोष्ट ती पुरवून पुरवून सांगत होती. पण लग्न झालं आणि सांगणं पळायला लागलं. सकाळी पेज, दुपारी धुणं, संध्याकाळी पेज. तेच ते किती घोळवणार? वर्षंच्या वर्षं एका वाक्यात संपत होती.

उन्हं कलली तशी प्रियदर्शनी दारात आली.

"आई, कुणाशी बोलतीयस?"

दीपालीनं हातानंच तिला गप्प केलं. घसा पार बसला होता. आप्पांचं जाणं सांगून झालं, दुखवटा झाला, खुर्ची जाळलेलीही सांगून झाली.

पोरगी तिच्यापुढं बसली, तिचे गार हात तिनं हातात घेतले. "आई, काय झालंय? मला सांग की..."

आता फक्त आजची सकाळ सांगायची राहिली होती.