दूध सोडलं ते कोणासाठी?

“घे नं आई! ही कॅप्सूल तोंडात टाक अन् वरून दूध पी… एवढंच तर करायचं हाये तुले!”

राधिकेने पेला आईच्या ओठांशी नेला, आणि प्रेमलाबाईंनी तो दोन्ही हातांनी असा काही ढकलला की दूध गादीवर, चादरीवर आणि नागपूरहून आलेल्या लेकीच्या कोऱ्या साडीवर सांडलं! दारात उभी असलेली सून, सरिता, फडकं घेऊन धावली. सासूबाई दूध का ढकलतात हे या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि नेमकं तेच तिला बोलता येत नव्हतं.

वर्षभरापासून प्रेमलाबाईंचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसांची नावं… आणि मागच्याच महिन्यात घराजवळच्याच गुढियारीच्या बाजारात त्यांना स्वतःचं घरच सापडेना. भाजीवाल्या भैय्यालालने ओळखलं म्हणून बरं. “दीदी, अम्माजी यहीं बैठी हैं,” असा त्याचा फोन आला आणि सरिता पायात चप्पल न घालताच धावली. तेव्हा त्या तिचा हात धरून म्हणाल्या होत्या, “बाई, तुमी कोणाच्या वं? लई मायाळू हाये तुमी!” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूच्या तोंडून असा शब्द तिने कधी ऐकला नव्हता… आणि ऐकायला मिळाला तो असा!

राधिकेने जावेच्या सांगण्यावरून त्या कॅप्सुलांचा डबा आणला होता. ब्राह्मी म्हणू नका, अश्वगंधा म्हणू नका, सारं काही त्यात कोंबलेलं, म्हातारपणी मेंदू झिजू देत नाही म्हणे! दुकानदाराला काय, बोलायला पैसे पडतात थोडेच! घ्यायच्या मात्र रोज दुधासोबत.

“वहिनी,” साडी झटकत राधिका कडाडली, “घरात रोज दूध येते, दही लागते, तूप निघते, अन् माह्या आईले काळा चहा? मी आल्यापासून पाहून राहिली! परकी म्हणून असंच ठेवता का तुमी तिले?”

“ताई, देवाशप्पथ तसं नाही हो…”

“मग कसं हाये ते सांगा नं! काहून चूप झाल्या?”

सरितेने नवऱ्याकडे पाहिलं. रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर साऱ्यांशी वाद घालणारा निरंजन बहिणीपुढे मात्र पार मऊ व्हायचा. “सरिता, आईचं खाणंपिणं तुयाकडे होतं,” एवढंच तो म्हणाला. आता याला काय म्हणावं! ज्याने पाठीशी उभं राहायचं त्यानेच बोट दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली.

ती बोलणार तरी कशी? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवराबायको दोघंही आजारी पडली होती. ऑक्सिजनवरून उठून ती घरी आली तेव्हा अंगावर नुसती हाडं उरली होती. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की सासूबाई दुधाला हात लावत नाहीत. खोदून खोदून विचारलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “देवापुढं पाणी सोडलं म्या. दूध, दही, तूप, जलमभर बंद! कोणासाठी ते इचारू नको, अन् कोणाले सांगू नको. निरंजनलेही नाही. बोललं का फळ जाते. घे माही शपथ!”

कोणासाठी म्हणजे? आईने सोडलं ते लेकासाठीच, यात विचारायचं काय होतं! सरितेने शपथ घेतली आणि मनापासून पाळलीही. सणाला श्रीखंड वाढल्यासारखं करून वाटी हळूच उचलायची, पोळीला वेगळं तेल लावायचं, कुणी विचारलंच तर “आईंना गॅस होतो” म्हणायचं… किती निभावलं तिने, आणि शेवटी पदरात काय पडलं तर हे!

दुसऱ्या दिवशी सगळे मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. राधिकेने डबा टेबलावर ठेवला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “असल्या कॅप्सुलांनी स्मृतिभ्रंश टळतो याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, ताई. शरीरात काय कमी आहे ते आधी पाहावं लागतं. आजींचा आहार कसा आहे?”

“माळकरी आहे, घरात अंडंही चालत नाही,” निरंजन म्हणाला. “पण दूध-दही रोज आहे.”

सरितेने सासूकडे पाहिलं. एकीकडे शपथ, आणि फळ गेलं तर नवऱ्याच्या जिवावर बेतेल ही भीती… दुसरीकडे खुर्चीत बसून भिंतीकडे हरवल्यासारखी पाहणारी ही माउली! देवा, शिक्षा द्यायची तर मला दे… आणि ती बोलून गेली.

“नाही डॉक्टर! कोरोनापासून दुधाचा थेंब नाही आईंच्या पोटात. नवस हाये त्यांचा!”

प्रेमलाबाई एकदम वळल्या. सारं विसरलेल्या त्या डोळ्यांत ही एक गोष्ट मात्र टक्क जागी होती. “बोललीस?” त्या पुटपुटल्या. “बोललीस तू?”

रक्त तपासलं तेव्हा बी-बारा जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं निघालं. “हा अल्झायमर असल्यासारखं वाटत नाही मला,” डॉक्टर म्हणाले. “मांसाहार नाही आणि दूधही नाही, मग ते येणार कुठून? इंजेक्शनं सुरू करू. बरंचसं परत येईल. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.”

राधिकेची मान खाली गेली. जिन्यातच तिने सरितेचे हात धरले. “वहिनी, माफ करा मले… कसं हो इतकं ऐकून घेतलं!”

इंजेक्शनं लागू पडली. हळूहळू नावं परत आली, रस्ते परत आले… आणि रागही परत आला! प्रेमलाबाई सगळ्यांशी बोलत, सरितेशी मात्र चकार शब्द नाही. विसरलेली सासू तिला मायाळू म्हणत होती, बरी झालेली सासू तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. असा कसा गं माझा जन्म, असं सरितेला वाटे, आणि तरीही ती दर वेळी स्वतःच त्यांना इंजेक्शनाला घेऊन जाई.

मग एका दुपारी सरिता तापली. साधी सर्दी, घसा बसलेला. ती पडून खोकत होती तर दार धाडकन उघडलं आणि प्रेमलाबाई आत आल्या. चेहरा पांढराफटक.

“आला नं खोकला! तरी म्हणलं होतं, बोलू नको! आता काय करू मी?… पुन्हा कोणाच्या पाया पडू?”

“आई, साधी सर्दी हाये… अन् ह्यांना काही झालं नाही, ठणठणीत आहेत…”

“त्याले काय होते व! त्याले तवाही दोन दिवस ताप आला, अन् उठून बसला!” प्रेमलाबाईंचा आवाज फाटला. “तुयासाठी सोडलं होतं म्या! डॉक्टरनं हात टेकले होते, अन् हा पोट्टा कोपऱ्यात तोंड लपवून रडून राहिला होता. मंग मी पाणी सोडलं… माही सून मले परत दे म्हणलं…”

सरिता उठून बसली. इतकी वर्षं ज्या सासूच्या एका गोड शब्दाला ती तहानलेली होती, तिने…! आणि तो अबोला? तो राग नव्हताच! रोज सुनेच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती त्या बाईला, भीतीने जीव अर्धा झाला होता तिचा!

“आई गं!” म्हणत तिने सासूच्या मांडीत डोकं खुपसलं. “मला वाटलं, तुम्हाला मी नकोच झाली…”

“नको कशी होशील व येडे!” प्रेमलाबाई तिचं तापलेलं कपाळ पुन्हा पुन्हा चाचपत होत्या.

“मग सोडा नं आता तो नवस. दूध घ्या, माझ्यासाठी.”

“ते नाही जमणार. सुया टोचून घेईन जलमभर, पण ते नाही तोडणार.” त्यांनी तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं. “तू खोकल, भांड माह्याशी, उलट उत्तर दे… पण राह्य बापा, माह्या डोळ्यापुढं राह्य!”