स्वराची अलाबला

बोईसरला माझं रक्त-लघवीचे नमुने घेण्याचं सेंटर आहे. खिडकी उघडली की कारखान्यांचा उग्र वास आत घुसतो, म्हणून ती बंदच असते. दृष्ट, उतारा, अंगारे यांचं मला पहिल्यापासून वावडं. लोक काहीही बोलोत, रक्त खोटं बोलत नाही, असं मी ठणकावून सांगायची.

जवळच्या सरावली गावची स्वरा नऊ वर्षांची. तिला रक्ताचा कॅन्सर. तिच्या पेशींत दोन जनुकं तुटून भलतीकडेच जोडली गेली होती. तो जोड किती उरलाय हे बघायला मी तिचं रक्त मुंबईला पाठवायची. आकडा काही केल्या उतरेना. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांवर भिस्त ठेवू नका.

त्या दिवशी मी सुई काढली आणि तिच्या आईनं, रत्नाबाईंनी, पोरीच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली.

"तुझी समदी पीडा मला लागू दे गं, माझे बाई!"

"अहो, आधी तो कापूस दाबून धरा!" मी खेकसले.

पुढच्या रिपोर्टात जोड सापडलाच नाही. मला तर रडूच आलं. रत्नाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाही वर सारली. दंडावर निळे डाग होते.

"आता माझं काढा, ताई."

त्यांच्या रक्तात जोड सापडला. तुटण्याची नेमकी जागा माणसागणिक वेगळी असते. ही अक्षरन्अक्षर स्वराचीच होती. नळ्यांची अदलाबदल झाली असणार! स्वतःवर चरफडत मी पुन्हा रक्त घेतलं, दुसऱ्या लॅबला पाठवलं. तेच आलं.

"घाबरू नका, डॉक्टर गोळ्या देतील. स्वराला नाही, तरी पुष्कळांना त्या लागू पडतात. बऱ्या व्हाल."

"नको."

"का नको?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. स्वरा लंगडी खेळत होती.

"माझ्यातून गेलं तर ते कुठं जाईल, ताई?"

मी भयंकर संतापले. त्यांच्या नवऱ्याला, नागोरावांना, कंपनीतून बोलावून घेतलं. पोर वाचली, आता तिला पोरकी करणार का, म्हणून दोघांनाही फैलावर घेतलं. नागोराव रडले. रत्नाबाईंनी गोळ्या घेतल्या.

काल त्यांचा रिपोर्ट आला. जोड सापडला नाही.

स्वराचं रक्तही मी त्यांच्या रक्ताबरोबरच पाठवलं होतं. आज लॅबला फोन केला.

तिचा रिपोर्ट त्यांनी थांबवून ठेवलाय. पुन्हा एकदा तपासून बघतो, म्हणाले.